परत आणलेला मोगरा

जळगावात भाजीबाजाराच्या तोंडाशी माझं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, दोन टोपल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ. सन पासष्ट-सहासष्टच्या सुमाराची गोष्ट. शाळेत मी तिसरीपर्यंतच गेलो, पण कळी आज उमलेल की उद्या, हे बोट लावून सांगायचो. मोगरा मी केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सालीच्या धाग्यानं गुंफायचो. दोरा फुलातलं पाणी ओढून घेतो. ओल्या सोपटात फूल दिवसभर टवटवीत राहतं. बाजारात हे दुसऱ्या कुणाला माझ्यासारखं जमत नव्हतं, आणि हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो.

धंदा शिकवताना बापानं एक गोष्ट बजावली होती. मयताचा हार वेगळ्या टोपलीत न्यायचा, आणि तो दुकानाबाहेर पडला की परत आणायचा नाही. उरला तर वाहत्या पाण्यात सोडायचा.

फाल्गुनातली सकाळ होती. मागच्या गल्लीत एक आबा राहायचे, जिनिंगमध्ये कापूस तोलायचं काम करून म्हातारे झालेले. त्यांचा मुलगा रडत आला. म्हणाला, "आबा गेले. हार मोगऱ्याचाच कर, त्यांना आवडायचा."

मोगरा नुकता सुरू झालेला. असोद्याच्या मळ्यातून आदल्या दिवशी आलेल्या सगळ्या कळ्या मी त्या हारात घातल्या. संध्याकाळी एका कापडवाल्याच्या मुलीचं लग्न होतं आणि त्या वरमाळाही मोगऱ्याच्या द्यायच्या होत्या, पण दुपारी दुसरी खेप येणार होती. मी हार घेऊन गेलो. ओसरीत बायका रडत होत्या. कुणीतरी आबांच्या तोंडात पाणी घातलं आणि आबा खोकले.

बायका किंचाळत उठल्या. मुलानं हार माझ्या छातीवर ढकलला. "ने हे इथून! डोळ्यासमोर नको!"

मी हार दुकानात घेऊन आलो. वाटेत पाण्यात सोडायला हवा होता. पण एवढ्या ताज्या कळ्या, माझ्या हातच्या. मन होईना.

दुपारी मळेकरी रिकाम्या हातानं आला. थंडी लांबली, कळी धरली नाही म्हणाला. मी तर चार माणसांत बोलून बसलो होतो की मोगऱ्याच्याच वरमाळा देईन, नाहीतर दुकान बंद करीन. शेवंतीवर भागवावं असं बायको म्हणाली. मी ऐकलं नाही. आबांचा हार उसवला, नव्या सोपटात गुंफला आणि त्याच्या दोन वरमाळा केल्या.

बायको बघत होती. म्हणाली, "देवाला शिळं फूल वाहिलं तर देवाला कळतं तरी. त्या पोरीला काय कळणार, ती कशाचा हार नवऱ्याच्या गळ्यात घालतेय?"

मी म्हणालो, "तू गप बस."

मांडवात मी मागे उभा होतो. नवरदेव धुळ्याचा, उंच, हसरा. त्यानं मान वाकवली, तिनं माळ घातली. लोकांनी अक्षता टाकल्या, माझ्या मुठीतल्या मुठीतच राहिल्या. आबा जिवंत होते तोवर ती फुलं मयताची नव्हती. पण आबा गेले तर? मग त्या पोरानं मेलेल्या माणसाचा हार गळ्यात घातला असंच झालं ना? माझ्या डोक्यात ते एकदा बसलं ते निघेना.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी आबांकडे एक फूल घेऊन जायला लागलो. कधी गुलाब, कधी निशिगंधाची काडी. देठ तिरपा कापायचा, पाण्यात बुडणारी पानं काढायची, पितळी पेल्यातलं पाणी बदलायचं. कालचं फूल पाकळी गळायच्या आधी उचलायचं. आबांच्या अंथरुणावर एकही पाकळी पडलेली मला सहन होत नव्हती. ते डोळे मिटून पडलेले असले की छाती हलते का हे पाहिल्याशिवाय मी दाराच्या आत पाऊल टाकत नसे.

एकदा तसाच दारात थांबलो होतो. आबा डोळे न उघडता त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "काय रे, हारनं माप लेवाले उना का? अजून जित्ता शे मी."

"तसं नाही आबा."

"मंग खरं सांग. फुकट फूल देनारा माळी मी आज लगून देखा नही."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. आयुष्यात मी कुणापुढे चूक कबूल केली नव्हती, बापापुढेही नाही. आबांनी डोळे उघडले. मग हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. त्या खोकल्यानं माझाच जीव जायची वेळ आली.

"म्हंजे आते माले जगनंच पडी!" दम लागलेल्या आवाजात ते म्हणाले. "कितला दिन?"

मी म्हणालो, "अखजीपर्यंत." अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि मागून जावई त्यांना न्यायला येतात. नवरा धडधाकट आहे हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं असतं.

चैत्र मला फार जड गेला. धुळ्याहून कुणी आलं की मी आडून आडून विचारायचो. गल्लीत कुणी मोठ्यानं हाक मारली तरी हातातली सुई पडायची. आबांचं जेवण दोन घासांवर आलं होतं. मी गेलो की ते बोटांवर मोजून किती दिवस उरले ते सांगायचे आणि मला चिडवायचे, "आज तं जाऊ का?"

अखजी झाली. चार दिवसांनी तो धुळ्याचा पोरगा बायकोला न्यायला आला आणि माझ्या फळीपुढे उभा राहिला. "नाना, हिच्यासाठी गजरा द्या. चांगला बघून द्या." मी त्याचे डोळे बघितले, नखं बघितली. गजरा देताना माझा हात कापत होता. त्याला वाटलं, म्हातारा झालोय. मी चाळिशीतही नव्हतो.

मी तडक आबांकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "मना हारमा मोगरा नको टाकू," म्हणाले. "तो मी त्या पोरले पहिलेच दी टाका."

ज्येष्ठात आबा गेले. या वेळी खरंच. मोगऱ्याचा भर होता, माठ कळ्यांनी भरलेला होता. मी झेंडू आणि शेवंतीचा हार केला. मुलगा सगळ्यांसमोर ओरडला, "एवढा मोगरा असून? बापाला आवडायचा माहीत होतं ना तुला? चेंगट कुठला!"

माणसं माझ्याकडे बघत होती. एरवी असं कुणी बोललं असतं तर मी त्याला तिथंच सुनावलं असतं. पण खरं सांगितलं असतं तर ती गोष्ट धुळ्याला पोचली असती. मी मान खाली घातली, हार आबांच्या छातीवर ठेवला आणि रिकामी टोपली पाण्यात धुऊन घरी आलो.