दहावर आलेलं ॲव्हरेज

गाडीचं ॲव्हरेज पडलं आणि माझे शनिवार गेले. पाच दिवस शहराच्या या टोकाच्या अंबत्तूरहून त्या टोकाच्या पेरुंगुडीतल्या ऑफिसला जाऊन-येऊन मी मेटाकुटीला आलेली असे. शनिवारी निदान आठपर्यंत लोळावं, एवढीच माझी अपेक्षा. पण सातलाच बाबा खोलीच्या दारात उभे. "उठतेस ना? गॅरेजला जायचंय."

बाबा तरुणपणी नागपूरहून इथे तमिळ मुलखात संरक्षण खात्याच्या कारखान्यात आले, तपासणी विभागात नोकरी केली आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा मराठी कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून भागाकार करायचा, हा त्यांचा जुना नेम. आमच्याकडे संकष्टी आणि ॲव्हरेज एकाच चौकटीत असतं. आमची छोटी पेट्रोल गाडी वर्षानुवर्षं लिटरला पंधरा द्यायची. उन्हाळ्यापासून ती दहावर आली.

माझं म्हणणं, दहा तर दहा! पण आईचं डायलिसिस एग्मोरच्या हॉस्पिटलात, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि तिला नेणं-आणणं हे बाबांचं काम. टॅक्सीचं नाव काढलं की त्यांचा पारा चढे. "मी मेलो नाहीये अजून." शहात्तराव्या वर्षी त्यांच्या हातात एवढं एकच काम उरलं होतं. ते सोडा म्हणायला माझी जीभ रेटत नसे.

मग सुरू झाली आमची वरात. एअर फिल्टर बदलला. प्लग बदलले. चाकांतली हवा बाबांनी स्वतःच्या गेजनं तीनदा मोजली. पेट्रोल पंपवाला लबाड ठरला, म्हणून पंप बदलला. इंजिन ऑइल बदललं. प्रत्येक वेळी बाबा खुशीत घरी यायचे, "आता बघ." आणि पुढच्या भागाकाराला पुन्हा दहा. कधी साडेनऊ. मी अक्षरशः विटले होते. गॅरेजमधल्या त्या तापलेल्या पत्र्याखाली बसून मी मनात म्हणायची, जाळून टाका ही गाडी एकदाची.

चौथ्या शनिवारी मेकॅनिकनं गाडी वर उचलली आणि हातानं एकेक चाक फिरवलं. चाकं मस्त सुटी फिरत होती, म्हणजे ब्रेक अडकत नव्हता. पण चारच महिन्यांपूर्वी घातलेले ब्रेक पॅड झिजून पापडासारखे झाले होते, आणि क्लचला जळका वास. बाबा चहा आणायला गेलेले बघून तो मला तमिळमध्ये म्हणाला, "मॅडम, गाडीला काहीही झालेलं नाही. सर मोकळ्या रस्त्यावरही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जात नसणार. जरा पुढे जायचं, ब्रेक मारायचा, पुन्हा पुढे. क्लचवरचा पाय उचलत नाहीत. एकदा त्यांच्याबरोबर बसून बघा."

हे आमच्या लक्षात कसं आलं नाही? तपासणी विभागातला माणूस. त्यानं सगळं तपासलं, चालवणारा सोडून! आणि मी त्यांचीच मुलगी.

मंगळवारी रजा टाकून मी मागच्या सीटवर बसले. बाबा स्टिअरिंगला चिकटल्यासारखे बसले होते. शेजारी आई, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. गल्लीतून गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि आई हळू आवाजात बोलू लागली.

"पुढे बस थांबलीय हं. डावीकडून स्कूटर. सिग्नल लाल झाला. हां, आता चला. थांबा थांबा, बाई रस्ता ओलांडतेय."

देवाचं नाव घ्यावं तशी ती एका सुरात बोलत होती. बाबा तिच्या शब्दागणिक ब्रेक दाबत, सोडत. एग्मोर येईपर्यंत ती एकदाही थांबली नाही.

आईला आत मशीनला लावलं आणि आम्ही दोघं पार्किंगमध्ये परतलो. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले.

"बाबा, गाडीत काही दोष नाहीये."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "उजव्या डोळ्याचा पडदा गेलाय, डाव्यालाही धूसरच दिसतं. चष्म्यानं भागणार नाही म्हणाले डॉक्टर. एकटाच जाऊन आलो होतो."

"मग इतके शनिवार मला गॅरेजला का नाचवलंत हो?" माझा आवाज चढला.

बाबांनी मान खाली घातली. "वाटायचं, एखादे वेळी गाडीतच काहीतरी निघेल."

मला रडू आलं आणि रागही आला. "अहो, आई बसते ना शेजारी! काही झालं असतं म्हणजे?"

"जाता-येता सांगायला ती आहे म्हणून तर चालवतो," ते म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

परतताना मी चालवत होते. आई सवयीनं पुढे बसली, बाबा मागे. एग्मोरचा पूल ओलांडायच्या आतच आईची मान कलंडली. तोंड किंचित उघडं, पिशवी पायाशी पडलेली. सिग्नलला मी ब्रेक मारला तरी ती जागी झाली नाही. पुढचा सगळा रस्ता गाढ झोपली होती.

बाबा मागून पुढे वाकून तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "इतकी थकते ही? मला कधी कळलंच नाही गं."