उलटं ओलांडायचं राहिलं

आधीच सांगून टाकते, लिंबू आणि मिरची मी फक्त लोणच्यासाठी विकत घेते. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. अमावास्येला प्रवास करू नये म्हणणाऱ्या नणंदेला मी मुद्दाम अमावास्येचंच तिकीट काढून दिलेलं आहे. या सदरातले अनुभव वाचून "ह्यांना अ‍ॅसिडिटी झाली असणार" असं म्हणणारीही मीच. त्यामुळे मी स्वतः लिहायला बसले म्हटल्यावर पुण्याहून मुलगा फोनवर हसला. हसू दे. जे झालं ते तसंच सांगते.

आमचं घर नागपूरला, गोकुळपेठेत. तळमजल्यावरचा फ्लॅट, दाराला काळ्या दगडाचा बोटभर उंच उंबरा. आमचे हे सरकारी ऑफिसात ऑडिटला होते. बोलणं कमी, आणि थट्टा करतील ती इतक्या गंभीर चेहऱ्यानं की समोरच्याला ती घरी गेल्यावर कळावी. रिटायर झाले आणि पार्किन्सन्स निघाला. आधी उजवा हात गेला, मग आवाज बसला, मग चेहरा. म्हणजे चेहरा जागेवर होता, पण त्याच्यावर हसू उमटेना. थट्टा मात्र शेवटपर्यंत राहिली, तेवढी एक त्या आजाराला घेता आली नाही.

ज्यांच्या घरी हा आजार नाही त्यांना वाटतं, पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं. हात थरथरतो त्याचं काही नाही हो. पाय अडकतात ते वाईट. चांगला चालत आलेला माणूस दारात येतो आणि थांबतो. पाय उचलायचाय, त्याला माहीत आहे पाय उचलायचाय, पण पाय फरशीला चिकटल्यासारखा. अशा वेळी हात धरून ओढलं की माणूस तोंडावर पडतो. मी ओढून पाहिलं, चिडून पाहिलं, आणि एकदा तर त्या उंबऱ्यापाशी दोघंही रडलो.

मग एक फिजिओथेरपीची मुलगी यायला लागली. ती म्हणाली, काकू, ओढू नका, तुमचा पाय त्यांच्या पुढ्यात आडवा टाका आणि ओलांडायला सांगा. मेंदूतला चालायचा रस्ता बंद पडला तरी ओलांडायचा चालू राहतो, असं काहीतरी तिनं समजावलं. मला पटलं. ह्यांना पटेना. माणसाला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. झोपलेल्या पोराला चुकून कोणी ओलांडलं तर आजी ओरडायची, चल, उलटं ओलांड आधी! हे तसेच उंबऱ्यात उभे, माझ्या आडव्या पायाकडे बघत. मी म्हटलं, "माझी आता काय वाढ व्हायची राहिली आहे? व्हायची ती सगळी आडवी झाली."

ओलांडलं त्यांनी. उजवा हात माझ्या डाव्या खांद्यावर टेकवला, थरथरतच, आणि पाय गुडघ्यापर्यंत उचलून पलीकडे टाकला. मग कानाशी येऊन, त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "येताना उलटं ओलांडतो. वाढ खुंटायची तुझी."

तेव्हापासून ते आमचं ठरूनच गेलं. बाहेर जाताना ओलांडायचं आणि येताना उलटं ओलांडून ते फेडायचं. परत येताना कधी पाय अडकले नसले तरी दारात थांबून राहायचे. मी हातातली पिशवी ठेवून पाय आडवा टाकेपर्यंत आत येत नसत. मी करवादायचे, दूध उतू जाईल हो! तर म्हणायचे, जाऊ दे, वाढ महत्त्वाची. हे आम्ही कोणाला सांगितलं नाही, मुलालासुद्धा नाही. नवरा-बायकोचं असं काही असतं, ते दुसऱ्याला सांगायला गेलं की बावळट वाटतं.

मागच्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. अ‍ॅम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन आले, पण ह्यांचा हट्ट, दारापर्यंत चालत जाणार. दम लागलेला, ओठ निळसर, आणि उंबऱ्यात येऊन अडकले. मी पाय टाकला. खांद्यावर हात आला. ओलांडून झाल्यावर नेहमीचं वाक्य म्हणाले, पुरतं म्हणाले, मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला तरी.

परत आले ते चौघांनी उचलून आणले. तेव्हा मी कुठेतरी भिंतीशी बसलेली होते. बायका काय काय म्हणत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच चालू होतं, उलटं ओलांडायचं राहिलं. विज्ञानाच्या बाई! पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी दार लावताना माझा हात कडीवर थांबायचा. आपल्या माणसाला आपण बाहेरच ठेवून कडी लावतोय, असं वाटायचं. झोप गेली ती त्यापायी.

आता त्या दिवसाचं सांगते. आमच्याकडे पार्किन्सन्सच्या पेशंटांचं आणि घरच्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा धरमपेठेत एका हॉलमध्ये जमतो. व्यायाम होतो, गाणी होतात, मग तर्री-पोहे. प्लेटवर चमचे वाजत असतात आणि कोणी वळून बघत नाही, हे त्या जागेचं मोठं सुख. हिवाळ्यात एक सभा त्या वर्षात गेलेल्यांच्या आठवणींची असते. प्रत्येकाच्या घरचं कोणीतरी फोटो घेऊन येतं आणि चार शब्द बोलतं. या वेळी पहिला नंबर माझा होता. मी ह्यांच्या ऑडिटच्या गमती सांगितल्या, संक्रांतीला थरथरत्या हातानं कापलेला पतंग सांगितला. उंबऱ्याचं काही सांगितलं नाही. फोटो पर्समध्ये टाकून जागेवर येऊन बसले.

माझं बोलून झाल्यावर बऱ्याच वेळानं एक जोडपं आलं आणि मागच्या खुर्च्यांवर बसलं. ढोमणे नाव, नागपूरलगतच्या वाडी गावाहून आले होते. काका तिकडे ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुकादम होते. मंडळात पहिल्यांदाच येत होते. चहाच्या वेळी तेवढी ओळख झाली. काकूंनी विचारलं, ताई, हे मधातच काहून अडकतात वं? मी म्हटलं, थांबा, सांगते तुम्हाला एक युक्ती. पण तेवढ्यात ग्रुप फोटोसाठी हाक आली आणि ते राहून गेलं.

सभा सुटली. दुपारचं ऊन होतं. ढोमणे काका-काकू ऑटोसाठी रस्ता ओलांडायला निघाले. मी हॉलच्या फाटकाशी उभी, दुखरा गुडघा धरून. रस्त्याच्या मध्यावर काका थांबले. मला पाठमोरेच दिसत होते, पण पाठीवरूनच कळलं, अडकले. काकू त्यांचा हात धरून ओढायला लागल्या. सिग्नल सुटला आणि वळणावरून शहर बस आली. मी ओरडले, ओढू नका, पाय टाका त्यांच्यापुढे! त्या हॉर्नच्या गोंगाटात कोणाला ऐकू जातंय. मला धावता येत नाही. मी नुसती हात हलवत राहिले.

आणि काकांनी डावा हात बाजूला उचलला, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. पाय गुडघ्यापर्यंत वर घेतला. रस्ता तिथे सपाट आहे, खड्डासुद्धा नाही. पाय पलीकडे टाकला आणि भराभर चालत फूटपाथवर गेले. काकूच मागून ओढल्या गेल्या. बस त्यांच्या-माझ्या मधून निघून गेली.

मी पलीकडे पोचले तेव्हा काकू एका दुकानाच्या पायरीवर बसून रडत होत्या. काका त्यांना म्हणत होते, "रडून काहून राहिली वं? आलो ना मी." आणि मला पाहून म्हणाले, "ताई, तुमच्या मंडळातले लोक भले हायेत. थे भाऊ नसते तं आज काही खरं नव्हतं."

मी विचारलं, कोण भाऊ?

काकूंनी डोळे पुसत मान हलवली. कोणी नव्हतं म्हणे, मीच होती. काका त्यांच्याकडे बघून वैतागले. मग सावकाश सांगायला लागले. एक उंच माणूस समोर आला, पाय आडवा टाकला आणि ओलांडा म्हणाला. आवाज इतका बारीक की कान जवळ न्यावा लागला. चेहरा दगडासारखा, पण आतून हसून राहिला असं वाटे.

"अन् मजा सांगू का, ताई? म्या ओलांडलं, तं म्हने, येताना उलटं ओलांडा बरं, नाहीतं माही वाढ खुंटायची. एवढा म्हातारा मानूस!"

काका हसले. मी पायरीवर काकूंच्या शेजारी बसले. पर्स मांडीवर होती आणि पर्समध्ये ह्यांचा फोटो होता. चेन अर्धी उघडली आणि परत लावली. दाखवला आणि ते "नाही, हे नाही" म्हणाले असते, तर? मला ते सोसलं नसतं. म्हणून दुसरंच विचारलं. त्यांचा हात हलत होता का?

"नाही बा. हात एकदम थिर. थेच पाह्यलं म्या पहिले. आपल्याले आता दुसऱ्याचे हातच दिसते ना पहिले."

तेवढ्यात काकूंच्या लक्षात आलं की गोळ्यांची थैली हॉलमध्येच राहिली. मी म्हटलं, मी आणते. काका ऐकेनात. शब्द देला म्हणे म्या त्याईले, उलटं ओलांडाच लागते. काकू कपाळावर हात मारून तिथेच बसून राहिल्या. सिग्नल लागल्यावर मी काकांबरोबर निघाले. मध्यावर आलो तसा मी माझा पाय तयार ठेवला, पण काका अडकलेच नाहीत. नीट चालत आले आणि बरोबर त्याच जागी पाय उचलून काहीतरी ओलांडलं. मग माझ्या डाव्या बाजूला बघून मान डोलावली आणि पुढे गेले.

फाटकाशी पोचल्यावर मी विचारलं, होते का?

"होते ना. तुमच्या बाजूलेच तं उभे होते." काका घाम पुसत होते, त्यांना यात नवल काहीच वाटत नव्हतं. "म्हने, झालं तुमचं. माह्यंही एक उलटं ओलांडायचं राह्यलं हाये, आता घरी जातो."

थैली आणली, त्यांना ऑटोत बसवलं, काकूंना युक्ती नीट करून दाखवली. मग मी घरी आले. कुलूप उघडलं. चपला काढल्या. बाहेर समोरच्यांच्या गॅलरीत कपडे वाळत होते, कोणाकडे तरी कुकरची शिट्टी झाली. मी आत शिरून उंबऱ्याकडे तोंड केलं, भिंतीला धरलं आणि पाय आडवा टाकला. स्वतःची लाज वाटत होती, खोटं काहून सांगू. बाई, कोणी पाहिलं तर काय म्हणेल, हेच मनात.

बराच वेळ काही झालं नाही. गुडघा दुखायला लागला. मग डाव्या खांद्यावर वजन आलं. तळहाताचं. अंगठा गळ्याकडे, जिथे नेहमी टेकायचा तिथेच. ते वजन माझ्यावर पुरतं आलं, क्षणभर थांबलं आणि आत निघून गेलं. मी मागे वळून बघितलं नाही. एवढंच कळलं की हात थरथरत नव्हता. तेव्हा मी रडले, ते गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडले.

आता शंका तुम्ही काढायच्या आधी मीच काढते. या आजाराच्या गोळ्यांनी नसलेली माणसं दिसतात, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या ह्यांनाही सोफ्यावर मांजर दिसायचं आणि ते मला बाजूला सरकून बसायला सांगायचे. वाढ खुंटायचा समज घरोघरी आहे, ढोमणे काकांच्या डोक्यातूनही तो आला असेल. पाय त्यांनी आपोआप उचलला असेल, तसंही होतं कधी कधी. आणि माझा खांदा तर आखडलेलाच असतो. पण एक राहिलं आहे म्हणून घरी जातो, हे त्यांना कोणी सांगितलं? ते तर फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. वर्गात एखाद्या पोरानं विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माहीत नाही, आणि पुढचा धडा घेतला असता. आजही उत्तर तेच आहे.

मुलगा म्हणतो, आई, फ्लॅट विकून पुण्याला ये, एकटी काय करशील. मी लिहितेय एवढंच त्याला ठाऊक, काय ते सांगितलेलं नाही. आता संध्याकाळी कडी लावताना हात थांबत नाही. झोपही लागते. ते आत आलेले आहेत. बाहेर जायचं म्हटलं तर त्यांना माझा पाय लागेल, आणि तो मी आता आडवा टाकणार नाहीये.