करकरणाऱ्या वहाणा

भोरला संस्थानच्या शाळेत मी चौथी पास झाले आणि वेल्ह्याकडच्या एका वाडीत दिली गेले. तिथं लिहितावाचता येणारी बाई मी एकटीच. त्याचा उपयोग काही नव्हता, टोमणे मात्र पोटभर मिळायचे. नवरा मुंबईला गिरणीत, घरी मी आणि सासू.

पाटलाच्या धाकट्या भावानं नव्या वहाणा घेतल्या होत्या. चालला की त्या करकर वाजायच्या. आम्ही सुना मान खाली घालून चालायचो, त्यामुळे त्याचं तोंड मी फारसं पाहिलंच नव्हतं. मला ठाऊक होत्या त्या वहाणा. पाणवठ्यावर निघाले की मागं करकर. मी थांबले की त्याही थांबत. पुढं पुढं त्या आमच्या परसातही वाजू लागल्या. तो बोलत काहीच नसे.

एकदा धीर करून सासूला सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका हातानं टाळी वाजत न्हाई. परत असलं बोललीस तर भोरला नेऊन घालीन."

भोरला माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. बोल लागून मी माघारी गेले असते तर त्यांना कोण करून घेणार होतं? नवऱ्याला पत्र लिहावं, तर मला लिहिता येई पण त्याला वाचता येत नसे. त्याची पत्रं खोलीतला सोबती मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि तो सोबती पाटलाचाच भाचा. इकडे आड तिकडे विहीर. मी जेवायची थांबले. मला फार भीती वाटायची, आणि त्या भीतीचा रागही यायचा.

चैत्रात देवीची जत्रा होती. भर दुपारी देवळापुढं ढोल वाजत होते, बाया घुमत होत्या. मी गर्दीत उभी. तेवढ्यात अगदी पाठीशी करकर ऐकू आली.

मी किंचाळले. केस सोडले आणि घुमायला लागले. देवीबिवी काही नव्हती, आजही खोटं सांगणार नाही.

ढोल थांबले. गुरवानं हात जोडून विचारलं, "आई, काय पायजे तुला?"

"वहाणा पायजेत," मी ओरडले. "ह्या माज्या लेकीच्या मागं पाणवठ्यावर वाजत्यात, परसात वाजत्यात. हितं काडून ठेव त्या!"

सगळ्यांच्या माना एकाच माणसाच्या पायांकडे वळल्या. म्हणजे ती करकर साऱ्या वाडीनं ऐकली होती! तो वहाणा सोडून अनवाणी गेला. खुद्द पाटलानं माझ्यापुढं नारळ ठेवला आणि भावाला दुसऱ्या गावी मामाकडे धाडलं. सासूनं माझ्या पायावर डोकं ठेवलं, "आई, चुकलं आमचं."

मला वाटलं, सुटले. पण पुढच्या मंगळवारी दारात पाच बाया बसलेल्या. कुणाची म्हैस आटलेली, कुणाला मूल नाही. नाही घुमले तर जत्रेतलं घुमणं सोंग ठरणार, आणि मग वहाणांचीही गोष्ट खोटी ठरणार. सासू मळवट भरायला तयारच. मी घुमले. दर मंगळवारी घुमत राहिले. नवरा सुट्टीवर आला तो ओसरीवर निजला. मला 'अगं' म्हणायचा, तो 'आई' म्हणायला लागला. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून खूप रडले. माझ्याच तोंडानं मी माझा संसार बुडवला होता.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. एका मंगळवारी विंझरकडून एक नवी सून आली, सासूबरोबर. तिची सासू म्हणाली, "हिला कायतरी लागलंय, आई. खात न्हाई, बोलत न्हाई." पोरीची मान खाली. बाहेर कुणाचं पाऊल वाजलं तशी ती दचकली.

मी तिच्याकडे वाकून हळूच विचारलं, "मागं कोन येतंय?"

तिनं मान वर केली. त्या मंगळवारी मी पहिल्यांदा मनापासून घुमले.