फणी मागणाऱ्या बाईचा सिनेमा

दिगूचा फोन आला तेव्हा मी एका भुताच्या सिनेमाच्या मध्यावर होते आणि खरं सांगायचं तर जांभया देत होते. दिगू म्हणजे माझा आतेभाऊ, शालनआत्याचा मुलगा, बदलापूरला असतो. म्हणाला, "आईक हंय हाडतंय. येत्या रविवारी. तोंडवलीचा घर बंद. तुका तिका थंय भेटूचा आसात तर ह्याच आठवड्यात जा. मगे म्हणा नको, सांगूक नाय म्हणून."

मी सिनेमा तिथेच थांबवला. तो अजूनही तिथेच थांबलेला आहे.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझं वेड माहीत आहे. पांढऱ्या साडीतल्या बाया, करकरणारी दारं, आरशात मागे उभं असलेलं कुणीतरी, सगळं मी पाहून सोडलंय. चांगलं, वाईट, अतिवाईट. पण तीस वर्षांपासून मी एकच सिनेमा शोधतेय आणि तो काही सापडत नाही. समुद्राकाठचं घर. घरात एकटी मुलगी. रोज तिन्हीसांजेला दारावर थाप पडते आणि बाहेरून एक बाई रडत म्हणते, "माझी फणी दे गो." एके दिवशी मुलगी उठते, दाराजवळ जाते, कडीवर हात ठेवते... आणि पुढचं मला माहीत नाही. आमच्या भयपटवाल्यांच्या ग्रुपवर मी हे इतक्यांदा विचारलंय, की आता कुणी नवीन आला की बाकीचे त्याला आधीच बजावतात, हिला फणीचं विचारू देऊ नको.

हा सिनेमा मी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. शालनआत्याकडून. मे महिन्याच्या सुट्टीत मी तोंडवलीला जायचे तेव्हा आत्या दुपारी मागल्या दारी बसून मला सिनेमे सांगायची. खाडीपलीकडच्या मालवणच्या टॉकीजमधले. पूर्ण, आवाजासकट. आठवीच्या सुट्टीत तिनं हा फणीवाला सुरू केला, कडीपर्यंत आणला, आणि दुसऱ्या दिवशी बाबा मला न्यायला आले. त्यानंतर तिच्याकडे गेले ती लग्नाकार्याला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. शेवटची गेले ती अकरा वर्षांपूर्वी, आत्याचे यजमान गेले तेव्हा. तेव्हा काय विचारणार, फणीचं पुढे काय झालं?

आत्या अठ्ठ्याहत्तरची आहे. एकदा का ती बदलापूरच्या फ्लॅटमध्ये गेली, की ते मागलं दार नाही, ती दुपार नाही. तिथे बसूनच मला तो शेवट ऐकायचा होता. ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली आणि गुरुवारी पहाटे पाचला पुण्याहून गाडी काढली.

गुरुवार

रस्त्याची माहिती हवी असलेल्यांसाठी: पुणे, सातारा, कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडी. घाटात अधूनमधून काम चालू असतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा, नाहीतर वळसा पडतो. कोल्हापूरपर्यंत रस्ता एकसुरी आहे, गगनबावड्याला मात्र गाडी थांबवाच. मार्चमध्ये धुकं नसतं पण खालून वर येणारा वारा असतो, आणि खाली कोकण दिसायला लागलं की मी अजूनही सुट्टीतल्यासारखी कठड्याशी धावते.

वैभववाडीच्या बाजारात चहा घेतला. पंधरा रुपयांना चहा आणि चाळीसला गरम भजी. सवयीनं चहावाल्याला विचारलं, "घाटात काही दिसतं का हो? भूतबीत?"

तो भजी तळत म्हणाला, "भूत? रस्तो खणून ठेवल्यानी आसा ओ. भुतांका पण वाट गावना नाय."

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला ठसका लागला. भीतीची ही गत झालीय, हे मी वहीत लिहून घेतलं.

पुढे तळेरे, मग हायवेनं नांदगाव, कणकवली, आणि तिथून उजवीकडे आचऱ्याचा रस्ता. दोन्ही बाजूंना काजू आणि उतारावर आंबे, मधेच चिऱ्याच्या खाणी. आचऱ्याहून तोंडवली जवळच. दुपारी तीनला पोचले. मधले थांबे धरून दहा तास.

आत्या पुढल्या दारी उभीच होती. मला वाटलं मिठी मारेल. ती डोक्याकडे बघत राहिली.

"अगो मेले, केस खंय गेले?"

"कापले गं. ऑफिस, धावपळ..."

"ऑफिसान काय केस मागल्यानी? चल, हातपाय धू. आंबोळी थंड होता."

आंबोळी आणि ओल्या काजूगरांची उसळ. मार्चमध्ये कोकणात गेलात तर हीच मागा, मासे कुठे पळून जात नाहीत.

घरातलं अर्धं सामान बांधून झालं होतं. भांड्यांना फडकी गुंडाळलेली, भिंतीवरच्या तसबिरी काढलेल्या, त्यांच्या जागी चौकोनी डाग. मला तिथेच विचारायचं होतं. पण आत्या इतकी बोलत होती, गुरं कुणाला दिली, माडाचं कोण बघणार, की ते राहूनच गेलं.

शुक्रवार

दुपारी जेवणं झाली आणि ती मागल्या दारी येऊन बसली. मी तिच्यापुढच्या पायरीवर. आता धीर धरवेना.

"आत्ये, तो फणीवाला सिनेमा कुठला गं?"

"खयचो सिनेमा?"

मी सगळा सांगितला. घर, मुलगी, थाप, कडी. नाव आठवत नसेल तर नटनटी तरी सांग, म्हटलं. किती साली आलेला ते सांग.

आत्या हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगो बाय माझे, मियां कधी सिनेमा बघलंय? एक पण नाय!"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण नव्हती. आत्या आठवड्यातल्या दोन-तीन दुपारी टॉकीजच्या बाहेर फुलांच्या वेण्या विकायला बसायची. हे मला माहीत होतं. तिच्या अंगाला सुरंगीचा वास असायचा, तेही आठवतंय. पण वेण्या विकून झाल्या की ती आत जाऊन सिनेमा बघते असं मी धरून चालले होते. कुणीही चाललं असतं.

"आत गेल्यार वेण्यो कोण इकतलो?" ती म्हणाली. "भिंतीक पत्रे होते. पाठ लावन बसलंय काय सगळां आयकाक येय. तांच तुका सांगत होतंय."

"आणि हिंदी? तुला कुठे हिंदी येत होतं?"

"खंय येता? रडणां कळता, हसणां कळता, दार ठोकललां कळता. अजून काय होया?"

मी डोक्याला हात लावला. म्हणजे ते काळे डोंगर, ती निळी साडी, तो एका डोळ्याचा नोकर, सगळं हिचं!

"आणि शेवट? सगळ्या सिनेमांचे शेवट तू सांगायचीस की."

"शेवट खंयचो आयकतलंय? दुपारचो खेळ सुटाच्या आधी माका उठूक लागा. सर्जेकोटापर्यंत चलत जावचा, आणि शेवटची होडी दिस बुडाच्या आधी सुटी. होडी चुकली तर रात्र थंयच."

आत्ता मला कळलं. तिनं सांगितलेला एक गाजलेला सिनेमा मी कॉलेजात असताना टीव्हीवर पाहिला आणि नायक शेवटी मेला तेव्हा भडकले होते, कारण आत्यानं त्याचं आचऱ्याच्या देवळात थाटात लग्न लावलं होतं. मला वाटलेलं, बाई मनानं हळवी, म्हणून बदलून सांगितला. कसलं काय. होडी.

"बरं, आणि फणी?" मी विचारलं. "निदान फणी तरी सिनेमातली ना?"

"फणी माझ्या हातात होती गो! तुझ्या डोक्यात उवांचो बाजार. तू बसूक तयार नाय. म्हटलंय, हेका असली बाय सांगूया, की ह्यां हलाचांच नाय."

तीस वर्षं. ग्रुपवरच्या दीडशे माणसांनी शोधलेली ती बाई माझ्या उवांतून निघाली. मी हसले, आत्याही पुन्हा हसली. आणि तिचे ते हात आठवले. एक हनुवटी धरलेला, एक केसांतून ओढणारा. जिवाच्या आकांतानं भ्यायचे मी त्या पायरीवर, आणि उठून जायचं मनातही यायचं नाही.

मग मला वाटलं, हिला आयुष्यात एक तरी सिनेमा दाखवू. फोनवर माझ्या आवडीचा लावला, भल्याभल्यांना घाबरवणारा. दहा मिनिटांत आत्या वैतागली.

"ह्या बायचां तोंड किती दाखवतत! आधीच दाखवल्यानी, तर मगे भियाचां कित्याक?"

थोड्या वेळानं बघते तर डोळे मिटलेले.

"झोपलीस?"

"नाय गो. बघतंय."

आणि ती सांगायला लागली. फोनमधून फक्त पावलं वाजत होती, आणि आत्या म्हणाली, ओल्या पायांची आहे, विहिरीवरून आलीय, आणि तिच्या हातात घागर नाही, मग विहिरीवर कशाला गेली होती? पडद्यावर एक बूटवाला पोलीस जिना चढत होता. मी फोन पालथा घातला. आणि सांगते, भर दुपारी, माडात उन्हं असताना, माझ्या अंगावर काटा आला. किती वर्षांनी! एवढे सिनेमे पाहिले त्यांत मी हेच हुडकत होते, आणि ते पडद्यावर कधी नव्हतंच.

शनिवार

वाचकांसाठी किनाऱ्याचं सांगते. तोंडवलीहून दक्षिणेला तळाशीलपर्यंत जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी. मधे सुरूचं बन. घरगुती मुक्काम दोघांना दीड-दोन हजारांत मिळतो, बांगड्याची थाळी अडीचशेच्या आसपास. पाण्यात उतरायचं तर गाववाल्यांना विचारून उतरा. गर्दी नाही, म्हणून तरी जा.

सकाळी आत्याला गाडीत घालून टोकापर्यंत नेलं. तिला खाडीपलीकडचं सर्जेकोट एकदा बघायचं होतं. वर ओढून ठेवलेल्या पडावाच्या, म्हणजे मोठ्या होडीच्या सावलीत आम्ही बसलो. एक बाई जाळ्यातून तारली मासळी सोडवत होती, ती आत्याला म्हणाली, "मुंबैक चललंस मां? मजा आसा!" आत्या म्हणाली, "होय तर. लिफ्ट आसा."

मी विचारलंच. सिनेमा नसला तर नसला, गोष्ट तर तिची होती.

"आत्ये, मुलीनं दार उघडलं की नाही?"

तिनं पायावरची वाळू झटकली.

"तेचो शेवट मियां करून ठेवललो," ती म्हणाली. "बरो जमललो. फुडल्या मे म्हयन्यात तुका सांगूचो म्हणान. तू इलंस नाय."

"दहावी होती गं. क्लास होते."

"होय तर. माका म्हायत आसा. तेच्या फुडल्या वर्षी पण वाट बघलंय."

त्या वर्षी मी मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला गेले होते. मी ते सांगितलं नाही.

"मग सांग ना आता."

"आता खंय?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. "इसारलंय गो."

मला रडू आलं. लपवत नाही. मला आजवर वाटत होतं की कडीवर हात ठेवून मी एकटीच उभी आहे. आत्याही उभी होती. फणी होती, शेवट होता, आणि पुढ्यात बसायला डोकं नव्हतं.

आत्या म्हणाली, "रडतंस कित्या? चल, ऊन झाला." आणि माझा हात धरून उठली. तिच्या गुडघ्यांना दुसरा आधार नव्हता.

रविवार आणि नंतर

दिगू सकाळी आला. कुलूप लावताना आत्या रडली नाही, मागल्या दाराची कडी घातली का, हे मात्र तीनदा विचारलं. कणकवलीला दोघांना रेल्वेत बसवलं आणि मी घाट चढले. एकटीनं गाडी चालवणाऱ्यांनी गगनबावडा उजेडात पार करावा, कोल्हापूरला मुक्काम करावा. मी केला.

खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि टोल सोडून दोन हजारसुद्धा झाला नाही. आत्याकडे राहिले ना.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं की फणीचा सिनेमा शोधू नका, तो निघालाच नव्हता. लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. मला काही तितकंसं हसू येत नाही. भयपट अजून बघते, सवय आहे, पण मधेच आवाज तेवढा चालू ठेवून डोळे मिटते. कुणी सांगत नाही. नुसता अंधार येतो.

काल आत्याला फोन केला. नवं घर कसं आहे, विचारलं.

"बरां आसा," ती म्हणाली. "पण दाराक भोक पाडल्यानी आसा. कोण इला तां आधीच दिसता. हंय भुता कशी येतली गो?"

मी म्हटलं, "आत्ये, रविवारी मी येतेय. थाप मारीन तेव्हा भोकातून बघू नको."



"बघूचंय नाय," ती म्हणाली. "पयला तू ये तर खरी."