माठाचा बोरा अन् सरिताची व्हॅन

समुद्रपूरची सरिता तापट, हे गावाला ठाऊकच होतं. नवरा प्रफुल्ल गेला, त्याची सवाऱ्यांची व्हॅन तिनं स्वतः चालवायला घेतली, आणि तेव्हापासून तर तिच्या तापटपणाच्या गोष्टी पानठेल्यावर रोज नव्या. चालवणार नाही तर काय करील हो? तिची नि सासूची चूल त्या व्हॅनवरच पेटत होती.

काल भर मे महिन्याच्या उन्हात वर्ध्याच्या रस्त्यावर व्हॅनमधून भसाभसा वाफ निघाली. सवाऱ्या उतरून एसटीत बसल्या. आज सकाळीच मोठे भासरे, म्हणजे प्रफुल्लचे थोरले भाऊ बबनराव, अंगणात हजर.

"किल्ली दे इकडं. बाईमानसाच्या हाती गाडी तापनारच! आता मीच चालवतो."

भासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घ्यायची घरची रीत. सरितानं तो पदर कमरेला खोचला.

"गाडी माह्यानं नाई तापली, भाऊजी. तुमच्या बोऱ्यानं तापली."

खरंच होतं ते. माठाला गोणपाटाचा ओला बोरा गुंडाळतात ना, तसा परवा बबनरावांनी रेडिएटरपुढे घट्ट बांधून दिला होता. म्हणे, गाडी थंडगार राहते! बोरा वाळून खडखडीत, अन् वारा आत जायला जागाच नाही. मोठ्यांचा शब्द म्हणून सरिता तेव्हा गप्प बसली होती. त्याचीच तिला आता चीड आली.

तिनं बोरा ओढून भिरकावला. इंजिन थंडच होतं. झाकण उघडून कूलंट भरलं, पाइप चाचपले, कुठे गळत नव्हतं. झाकण लावून तिनं गाडी सुरू केली.

"आता पाहा. गरमीचा काटा चढला का फॅन लागला पाह्यजे. नाई लागला तं किल्ली तुमची."

शेजारपाजार गोळा झाला. काटा चढू लागला. बबनरावांना दम कुठला!

"झाकन खोलून पाह्यतो," म्हणत त्यांनी हात घातला. सरितानं तो झटकला.

"तोंड भाजून घ्याचं हाय काय? सरका तिकडं!"

अगं बाई, भासऱ्याला असं! बाया पदराआड हसल्या.

काटा अर्ध्यावर आला. फॅन गप्प. आणखी वर सरकला. सरितानं काट्यावरची नजर हलवली नाही. तेवढ्यात घर्रकन फॅन लागला आणि काटा हळूहळू खाली आला.

ओट्यावरून सासू जिजाबाई उठली, पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"चाल सरिता. सवाऱ्या वाट पाहून राह्यल्या."

"माय, लई तापट हाय हे," बबनराव आईला म्हणाले.

"तापू दे," म्हातारी म्हणाली. "तू तो बोरा ओला कर, अन् आपल्या डोक्याले गुंडाळ."