राघूच्या नखांचा वार

सबंध खानदेशात पंचांगाचा माझ्या आत्याच्या यजमानांइतका उपयोग कोणी करून घेतला नसेल. लोक कामं उरकण्यासाठी पंचांग बघतात; हे टाळण्यासाठी बघत. टाळायचं काम एकच, घरातल्या पोपटाची नखं काढणं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मेहरूणला तळ्याच्या अंगाला त्यांचं घर होतं आणि एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलून घेण्याची नोकरी होती. मी धुळ्याहून आलो की दारातच राघूची प्रकृती ऐकावी लागे. मिरची त्याला गोड लागते आहे, पेरू मात्र कालचा जरा कच्चा निघाला. माझी प्रकृती विचारायची बहुधा राहूनच जाई.

राघूचा एवढा मान होता तो आत्यामुळे. तिने नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नाही. जेवायला हाक मारायची ती, "आयकतस का, जेवी ल्या," अशी. राघूने तेवढंच उचललं, तेही हुबेहूब तिच्या आवाजात. रस्त्याने जाणारा कोणीही संसारी पुरुष ती हाक ऐकून थबकत असे. एकदा तर पोस्टमन पायरी चढून हात धुवायला पाणी मागू लागला. पुढे आत्या गेली आणि घरात ती हाक तेवढी राहिली. नाना ती हाक आल्याशिवाय जेवत नसत. राघूला उशीर झाला तर भाकरी वाट बघत गार होई.

त्याची नखं आत्याच काढायची. तिच्या माघारी नानांनी एकदा नखं काढायची नराणी हातात धरली आणि नखातली रक्ताची शीर कापली गेली. रक्त थांबलं, पण राघू कितीतरी दिवस मुका बसला. त्या दिवसांत नाना काय जेवले, हे विचारायची सोय नव्हती. तेव्हापासून आठवड्यातले सगळे वार हळूहळू देवांच्या मालकीचे झाले. सोमवारी नानांचा उपास. मंगळवारी आणि शनिवारी तर कोणीच नखं काढत नाही. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा. बुधवारी राघू घरी आला होता म्हणून तो त्याचा जन्मवार, आणि जन्मवारी नखं काढत नाहीत हे मला ठाऊक नाही म्हटल्यावर त्यांनी धुळ्याच्या एकंदर शिक्षणाबद्दल शंका घेतली. मी रविवारावर बोट ठेवलं, तर रविवारी ते आठवड्याची झोप वसूल करत आणि उठेपर्यंत दिवेलागण होई. दिवेलागणीनंतर नखं काढली की लक्ष्मी रुसते. युद्धाचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, घरोघरी दिवा धड लागतही नव्हता. पण न लागलेल्या दिव्याची वेळसुद्धा नाना पाळत. "बठ्ठा वार देवना शेतस," ते म्हणत, "राघूना एक बी नही."

खरं तर पिंजऱ्यात बाभळीची खरबरीत फांदी टाकली असती तरी नखं आपोआप झिजली असती. मी तसं सुचवलं. पण जिनात नोकरी करणाऱ्या माणसाचा पोपट उघड्या लाकडावर बसणार म्हणजे चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. त्यांनी दांडीला निवडक कापूस गुंडाळून वरून मलमल शिवली होती. राघूची नखं त्या गादीवर राजासारखी वाढली, वळली, आणि शेवटी तो दांडीवर बसतो की अडकतो हे सांगता येईना. नाना म्हणाले, "त्याले आराम शे."

एका संध्याकाळी त्या आरामाचा शेवट झाला. मी ओसरीवर होतो. आत फडफड ऐकू आली, जाऊन बघतो तर राघूचं नख मलमलीत गुंतलेलं आणि तो एका पायावर उलटा लटकलेला. पाय पिरगळत होता. वार मंगळवार, वेळ दिवेलागणीची, आणि दुर्दैव कमी पडू नये म्हणून अमावास्या. मी नराणी आणून पुढे केली. नाना आता पंचांग मागणार, अशी माझी खात्री होती.

"तू धर त्याले," ते म्हणाले. मी मलमलीचा टाका तोडून राघूला सोडवलं आणि उपरण्यात गुंडाळून खिडकीशी नेलं. मावळतीच्या उरल्यासुरल्या उजेडात नखातली शीर लालसर दिसत होती. तिच्या बरंच अलीकडे, नुसतं टोक टोक, असं करत नानांनी सगळी नखं काढली. रक्ताचा थेंब आला नाही. राघू मात्र कोपऱ्यात जाऊन मान खुपसून बसला.

मी मुक्काम वाढवला. गादी काढून बाभळीची फांदी बसवली, ती नानांनी बसवू दिली. ताट वाढलं की ते समोर बसत, पिंजऱ्याकडे बघत आणि घास न घेता उठत. मी रागावलो तर एवढंच म्हणाले, "हाक उनी नही." वारांची थट्टा करायला मी मोठा शहाणा होतो, पण ह्या घरात पुन्हा ती हाक आली नाही तर काय, ह्या विचाराने मीही माझं ताट झाकून ठेवलं.

मग एका दुपारी, मी ताक ओतत असताना, फांदीवरून आवाज आला. "आयकतस का, जेवी ल्या."

ताट समोरच होतं, नाना पाटावरच होते. तरी ते उठले, मोरीत जाऊन हात धुतले, आणि "उनू, उनू," म्हणत पुन्हा येऊन बसले. मला आत्याची फार आठवण झाली. त्या दिवशी वार कोणता होता, ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही.