पोहण्याआधीची धडधड

मालवणच्या समुद्रात दरवर्षी तीन किलोमीटर पोहण्याची शर्यत असते. आम्ही काही हौशी मंडळी त्यासाठी रोज सकाळी फर्नांडिस सरांकडे सराव करतो. सर निवृत्त पीटी टीचर. त्यांचं ठाम मत असं, की हातपाय सगळ्यांचे चालतात, दगा देतं ते डोकं! त्यामुळे आमच्याकडे पोहण्याचे किस्से कमी आणि घाबरण्याचे जास्त. एक सांगायला घेतला की मागोमाग दुसरा आठवतोच.

*

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला वाळूवर उताणं झोपवलं. डोळे बंद, एकेक अवयव सैल सोडायचा. बँकेत नोकरी करणारी मंदा माझ्या शेजारी होती.

"सर, पोटरीवर कायतरी चलता."

"वाटतला तसा. रक्त फिरता ता. सैल सोड."

मग मंदाचा बारीक आवाज, "सर, रक्ताक नांग्यो असतत?"

भली मोठी कुर्ली होती, म्हणजे खेकडा! त्या दिवशी रिलॅक्स झाली ती तेवढी एकटीच.

*

दिगू आमच्यात सगळ्यात तगडा. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकराचा मुलगा, चालायच्या आधी पोहला असेल. सरांनी सांगितलं, "डोळे मिटा आनि अख्खी शर्यत मनात पोहा."

दोनच मिनिटांत दिगूने डोळे उघडले. चेहरा पांढराफटक.

"काय रे, पोचलंस?"

"नाय सर. अर्ध्यार गोळो इलो. परत इलंय."

रोज तेच! प्रत्यक्षात कधी पायात गोळा न आलेला माणूस मनात मात्र रोज तिथेच अडकायचा. शेवटी सर म्हणाले, "मगे थंयच थांब, पाय चोळ, आनि फुडे जा!" त्या दिवशी पठ्ठ्या मनातल्या मनात किनाऱ्याला लागला आणि खरोखरचा घाम पुसत उठला.

*

माझं सांगते. पहिल्यांदा खोल पाण्यात गेले, खालची वाळू दिसेनाशी झाली आणि छातीत श्वासच जाईना. मी नुसती आ वासून हवा ओढत होते. बाजूच्या होडीतून सर ओरडले, "बाई, घेव नकात! आधी सोडा! जागाच नाय तर नवीन जातलो खंय?"

मी पाण्यात तोंड घालून सगळा श्वास ओरडून सोडला. काय ओरडले ते सांगत नाही. मी शाळेत शिकवते, माझ्या पाचवी 'ब'ची मुलं हे वाचतील!

*

मग सरांनी प्रत्येकाला एक शब्द निवडायला सांगितला. हात मारताना तोच म्हणायचा. मंदाने निवडला 'शांत'.

शांत... शांत... म्हणत निघाली. मग शांत-शांत. मग शांतशांतशांतशांत! दोनशे मीटरवर हात पंख्याच्या पात्यांसारखे फिरायला लागले आणि ती खोकत थांबली.

सर म्हणाले, "गो बाये, तुझा शांत आयकान माका धाप लागली!"

*

आणि ही शर्यतीच्या दिवशीची गोष्ट. आदल्या वर्षी मंदा मध्येच घाबरली होती, तिला होडीत ओढून घ्यावं लागलं होतं. होडीला किंवा होडीतल्या कुणाला नुसता हात लागला तरी स्पर्धक बाद, असा नियम.

या वर्षी दोन किलोमीटरवर ती पुन्हा थांबली. उताणी झाली आणि निपचित पडून राहिली. सर सुरक्षेच्या होडीत होते. होडी जवळ नेली, वाकून हात पुढे केला. "मंदा, धर गो! हात धर!"

मंदाने डोळेही उघडले नाहीत. "हात मागे घेवा, सर. माका लागलो तर मी बाद."

सरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि बसून राहिले. किती वेळ, ते होडीवाल्यालाही सांगता येत नाही. मग मंदा पालथी झाली आणि पोहायला लागली.

ती सगळ्यांत शेवटी आली. बक्षीस समारंभ अर्धा झाला होता. आम्ही तिला टॉवेलात गुंडाळलं, दिगू तर रडतच होता. होडी मागोमाग वाळूला लागली. सर आतच बसून, हात अजून मांड्यांखाली.

"सर, उतरा ना!" मंदा म्हणाली.

"रव गो वायच," सर म्हणाले. "माका उभ्या रवाक जमणा नाय."